पुढचे पार्किंग सेन्सर बसवताय? डेमोला रिव्हर्स टाकायला सांगितलं तर तिथूनच गाडी काढा

सेन्सरचे ८,४०० गेले, वर बंपरचे ६,२०० गेले, एकूण १४,६०० रुपये. दीड महिना झाला तरी डोक्यातनं जात नाही म्हणून लिहितोय, घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

आमची बिल्डिंग परळला, माझ्या पार्किंगच्या अगदी पुढ्यात पिलर. गाडी २०२१ ची, बॉनेट उंच, सीटवर बसून बंपरची कड दिसतच नाही. मागचे सेन्सर कंपनीचे आहेत, जुलै २०१९ पासून नवीन गाड्यांना ते सक्तीचे झालेत, पुढचे नाहीत, म्हणून ज्याला हवे तो बाहेरनं बसवतो. मी कुर्ल्याला सीएसटी रोडला गेलो. चार सेन्सर आणि कंट्रोल बॉक्स ७,२००, फिटिंग १,२००. पैसे क्यूआरवर दिले, नाव दुकानाचं नव्हतं, कुठल्यातरी माणसाचं होतं. हे आधी बघत जा.

चाळीस मिनिटांत काम झालं. बंपर खोलला नाही, गाडीखाली कोणी शिरलं नाही, मग चार वायरी आत कशा गेल्या? हा प्रश्न मला आत्ता पडतोय, तेव्हा पोरगा चहा घेऊन आला आणि मी प्यालो.

आणि तो डेमो. तो पोरगा बंपरसमोर उभा राहिला आणि मला म्हणाला साहेब ब्रेक दाबा, रिव्हर्स टाका, त्यानेच सिस्टिम चालू होते. टाकला. तो पुढे हात हलवतोय आणि आत बीप वाजतोय. माझ्या मागे तीन फुटांवर दुकानाची भिंत होती हो! वाजत होते माझेच मागचे सेन्सर. आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी विचारलं पण, तर म्हणाला कंपनीच्याच स्पीकरला जोडलंय. फर्स्टमध्ये का वाजत नाही विचारलं तर म्हणे तसं ठेवलं तर ट्रॅफिकमध्ये दिवसभर वाजत राहील. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच मी फसलो. पुढचे सेन्सर ब्रेक दाबल्यावर किंवा गाडी अगदी हळू असतानाच चालू होतील असे जोडतात, नाहीतर बाइक आणि रिक्षांनी जीव नकोसा होईल. पण फक्त रिव्हर्सलाच वाजणार असतील तर ते काय कामाचे? पुढे जाताना पुढचं कळावं म्हणूनच तर ते लावायचे. बावीस वर्षं गाडी चालवतोय मी, पण वायरिंग बघायला मी काही इलेक्ट्रिशियन नाही, आणि समोरचा माणूस तोंडावर खोटं बोलेल असं धरून कोण चालतं?

एकोणिसाव्या दिवशी पिलरला लागली. लालबागच्या गॅरेजवाल्याने बंपर उतरवला तर चारी सेन्सर नुसते गोंदाने चिकटवलेले, वायरी दोन इंचांवर कापलेल्या, कंट्रोल बॉक्स नाहीच. जागा पण चुकीची, एकदम खाली, बंपरच्या खालच्या कडेजवळ. खरे असते तरी रस्ताच पकडला असता, साधारण गुडघ्याच्या उंचीवर हवेत, दोन कोपऱ्यांकडे आणि दोन मधे, सेन्सरच्या पाठीवरचा बाण वर करून. अजून एक त्याने सांगितलं, सिस्टिम चालू असताना सेन्सरला कान लावा, बारीक टिकटिक ऐकू येते. एवढं जरी तेव्हा केलं असतं.

दुकानदार म्हणाला बिल दाखवा. बिल म्हणजे पॅडवरचा कागद, जीएसटी नंबर नाही. घराजवळच्या चौकीत गेलो तर हद्द आमची नाही. हद्दीतल्या ठाण्यात गेलो तर दीड तास बाकावर बसवलं आणि मग हे सिव्हिल मॅटर आहे, आपसात मिटवा. माझ्यासमोर हवालदाराने दुकानात फोन लावला आणि त्याला शेठ म्हणून बोलला, मला मात्र "एवढं शिकलेले आणि कळलं नाही?" ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, नंबर मिळाला, मग मेसेज आला की समोरून उत्तर नाही, तक्रार बंद. उत्तर चोराने द्यायचं आणि नाही दिलं तर माझी तक्रार बंद? तीन हाफ डे गेले त्यात. आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय, पाच लाखांपर्यंत फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, क्यूआरचा स्क्रीनशॉट, कापलेल्या वायरींचे फोटो सगळं ठेवलंय. तुम्ही पण गॅरेजवाल्याला काही काढू देण्याआधी फोटो घ्या.

काल मुद्दाम त्या दुकानावरून गेलो. पांढरी गाडी उभी, तोच पोरगा समोर हात हलवतोय. मी सरळ त्या गाडीच्या काचेवर टकटक केली आणि आतल्या काकांना म्हटलं, रिव्हर्स काढा, फर्स्ट टाका, ब्रेकवर पाय ठेवा आणि आता ऐका. पोरगा अजून बंपरला हात लावून उभा होता, आत काहीच वाजलं नाही.