लोणंद ते पंढरपूर, जोडीने: आमच्या दिंडीचा अनुभव

माउलींच्या पालखीबरोबर आम्ही दोघं लोणंदपासून पंढरपूरपर्यंत चाललो. दिंडी, म्हणजे एकत्र चालणारा वारकऱ्यांचा गट, पालखीच्या रथामागची. नाव मुद्दाम लिहीत नाही. चांगलं लिहिलं तर जाहिरात होते आणि वाईट लिहिलं तर माळकऱ्यांची निंदा. भिशी, म्हणजे दिंडीत भरायची वर्गणी, लोणंदपासून माणशी अडीच हजार होती. आळंदीपासून जमत नसेल तर आम्हा सातारकरांना लोणंद सोयीचं. तिथीच्या हिशोबाने तिथला मुक्काम कधीकधी लांबतो, त्यामुळे सामान लावून, ओळखी करून घ्यायला वेळ मिळतो.

आधी 'जोडीने' ह्या भानगडीबद्दल. दिवसभर एकमेकांशेजारी चालायचं अशी समजूत असेल तर घरीच काढून ठेवा. दिंडीत पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मृदंग, विणेकरी आणि बायका मागे, कुणाच्या डोक्यावर तुळस, कुणाच्या हंडा. ह्यांनी पहिल्याच सकाळी गळ्यात टाळ अडकवले आणि जे ओळीत शिरले ते थेट दुपारच्या विसाव्यालाच दिसले. मला त्याचं काही वाटलं नाही. मंडईतही ते पुढे आणि मी मागून पिशव्या घेऊन, असंच असतं.

चुकामुकीची भीती मात्र खरी. तरडगावच्या आधी गर्दीत मोबाइलला रेंज राहत नाही. आमच्या दिंडीने प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड दिलं होतं, त्यावर दिंडीचा क्रमांक आणि दिंडी चालवणाऱ्या प्रमुखांचा, म्हणजे चालकांचा फोन. तोच क्रमांक ट्रकवर, तोच वळकटीवर ऑइलपेंटने. तळावर, म्हणजे मुक्कामाच्या मैदानात, कुणालाही क्रमांक सांगितला की 'माउली, त्या पाण्याच्या टँकरच्या पलीकडं' असं उत्तर येतं. ही शिस्त हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांच्या वेळेपासूनची म्हणतात. आरफळ आमच्याच जिल्ह्यातलं, म्हणून जरा जास्त कौतुक.

जेवणाला नाव ठेवायला जागा नाही. स्वयंपाकाचा ट्रक आमच्या पुढे निघायचा आणि आम्ही पोचेपर्यंत चुली पेटलेल्या असायच्या. कांदा-लसूण नाही, तरी आमटी अशी की ह्यांनी घरी कधी मागितला नाही तेवढा भात घेतला. तरडगावात गावातल्या बायकांनी पाटीभर भाकऱ्या आणल्या, फडक्यात गुंडाळलेल्या, वरची अजून वाफाळत होती. पिठलं दिंडीचं, भाकरी गावाची. वाढपी पोरं ओरडायची, 'माउली, लाजू नका!' आणि नको म्हणायच्या आत पळी रिकामी करून पुढे जायची. मधुमेह असेल तर आधी सांगून ठेवा, चहा पाकासारखा गोड असतो. आणि गोळ्या पिशवीत ठेवा, वळकटीत नको; ती ट्रकमधून संध्याकाळीच हाती येते.

आता तक्रार. फोनवर सांगितलं होतं, 'जोडप्यांना वेगळी राहुटी आहे.' आहे, खरोखर आहे. एका राहुटीत चार जोडपी. मध्ये सुतळीवर चादरी टाकल्या की झाली खोली. पलीकडच्या काकांचं घोरणं आणि त्यांना काकूंनी मारलेली कोपरखळी दोन्ही ऐकू येत. शेवटी सगळ्या बायका बायकांच्या राहुटीत गेलो, पुरुषांना इकडे घोरू दिलं. वेगळ्या राहुटीचे जादा पैसे भरू नका, एवढंच सांगेन.

त्याचं हसण्यावारी नेता येईल, आंघोळीचं नाही. बायका शंभराच्या घरात आणि आडोसे तीन, बांबूंना ताडपत्री लावून केलेले, त्यातल्या एकाचं दार म्हणजे जुनं लुगडं. ते वाऱ्याने उडू नये म्हणून बाहेर एक बाई धरून उभी. पहाटे दोनला उठलं तर नंबर लागतो, साडेतीनला उठलं तर टँकर खडखडतो. पुरुष टँकरच्या नळाखाली उघड्यावर उरकून मोकळे, त्यांना ह्यातलं काही कळत नाही. फिरती शौचालयं तळाच्या कडेला असतात. पण अंधारात चिखलातून तिथवर जायचं तर बॅटरी आणि सोबत दोन्ही हवी. पाणी कमी प्यायचं, असं करू नका. बरडच्या आधी एक बाई त्यानेच चक्कर येऊन बसली.

संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्यांची मिळून समाज आरती होते. तिथे सोहळ्याची शिस्त पाहणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड उंचावला की एवढा तळ एकदम गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग चोपदार येऊन ऐकून घेतात. फलटणच्या विमानतळावर, तिथल्या मुक्कामात, आमच्यातल्या एका आजीने टाळ मागून घेतले, 'आता मी वाजवते, आंघोळीचं सांगते.' चालकांना कळलं तसे ते धावत आले आणि दुसऱ्या पहाटे दोन आडोसे वाढले. पुढे नातेपुत्यापर्यंत टिकले, मग पुन्हा तीनच.

त्याच चालकांचं एक मात्र मानलं. तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, म्हणजे रस्त्यावर उभ्या दिंड्यांमधून घोडे धावतात, तेव्हा त्यांनी दिंडीतल्या बायकांना रस्त्याच्या कडेला पुढे उभं केलं. एरवी आपल्याला टोप्याच दिसतात. स्वाराचा घोडा आधी गेला आणि मागून माउलींचा, त्यावर स्वतः माउली बसतात अशी श्रद्धा म्हणून पाठीवर कुणी नाही, मान ताठ. माती माझ्या पदरावर उडाली. ह्यांना टाळांच्या गर्दीत शेपूट दिसली म्हणे.

वाटेतल्या सेवेचे पैसे लागत नाहीत. लोणंदला ह्यांच्या चपलेचा अंगठा फुकट शिवून मिळाला, फलटणला एका पोराने पाय चोळून दिले. पण फुकट रेनकोट वाटतात ते घेऊ नका, तासाभरात फाटतात. साधं इरलं किंवा जाड प्लॅस्टिकचा कागद बरा.

पुढच्या वर्षी ह्याच दिंडीत जाऊ, पण आडोसे किती ते विचारूनच भिशी भरीन. परतीचा प्रवास भिशीत धरलेला नाही. वळकटी एकादशीलाच उतरवून घ्या, नाहीतर ट्रक ती घेऊन भलत्याच गावी जातो. पंढरपूरहून जादा एसटी सुटतात, रांग मोठी असते. माझं अर्धं तिकीट, ह्यांचं पूर्ण.