दहा महिने, एक कोकणी पावसाळा आणि जुना छोटा कॅमेरा

गेल्या मे महिन्यात मामेभावाकडून त्याचा २००९ सालचा छोटा कॅमेरा घेतला. १० मेगापिक्सेल, सीसीडी सेन्सर (प्रकाश टिपणारी जुन्या पद्धतीची चिप), ५ पट ऑप्टिकल झूम. आता मार्च संपत आलाय. फोटोंबद्दल माझी एकही तक्रार नाही. आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) ८० ते २०० वर भातलावणीचा हिरवा आणि हर्णैच्या मासळी लिलावातली गडबड जशी उतरली, तशी मला मोबाइलवर कधी मिळाली नाही. ४०० च्या पुढे मात्र फोटोत दाणे दिसतात. खरा त्रास दिला तो दमट हवेने आणि वाळूने.

जूनमध्ये आठवडाभर कॅमेरा कपाटात राहिला आणि चामड्याच्या पाउचवर पांढरी बुरशी धरली. काकू म्हणाल्या, "अगो, तांदळात ठेव, पाणी ओढून घेतील." ठेवला. दोन दिवसांनी काढला तर तांदळाचं पीठ लेन्सच्या झाकणाच्या पात्यांत शिरलेलं, आणि एक पातं अर्ध्यावर अडकलेलं. मऊ ब्रशने साफ करायला संध्याकाळ गेली. तांदळात कृपा करून ठेवू नका. मी आता घट्ट झाकणाच्या डब्यात नारिंगी सिलिका जेल घालून ठेवते. ती हिरवी पडली की मंद आचेवर वेगळ्या कढईत परतायची, पुन्हा नारिंगी होते. निळी घेऊ नका, तिच्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं. डब्यात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्रही ठेवलंय. काटा ४५-५० टक्क्यांच्या आसपास असला की मी निश्चिंत. ६० च्या वर गेला की बुरशीला आवतणच. आतल्या भिंगावर ती एकदा धरली तर घरी काढता येत नाही आणि भिंगावरचा लेप कायमचा खाते.

नोव्हेंबरमध्ये आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबली. पडद्यावर लेन्स एरर, तीनदा टूं टूं, आणि बंद. पोटात गोळाच आला. दुरुस्तीवाले म्हणाले, सुटे भाग मिळत नाहीत. मग घरीच दुरुस्तीला बसले. बॅटरी आणि कार्ड काढलं, कॅमेरा पालथा धरला आणि रबरी ब्लोअरने (दाबून हवा मारायच्या फुग्याने) लेन्सच्या नळीच्या फटीत चहूबाजूंनी हवा मारली. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचा ओलावा आत जातो. लेन्स दाबायची नाही की ओढायचीही नाही, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. पहिल्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी वाळूचे दोन कण कागदावर पडले आणि पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर लेन्स सरळ बाहेर आली! तेव्हापासून किनाऱ्यावर कॅमेरा झिपच्या पिशवीत. एसी गाडीतून उतरल्यावरही तो अर्धा तास त्याच पिशवीत बंद राहतो, म्हणजे भिंगावर बाष्प धरत नाही.

कार्ड ६४ जीबीचं घेतलं होतं, ते ओळखलंच नाही. एवढ्या जुन्या कॅमेऱ्याला ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी प्रकारचं कार्डच लागतं. १६ जीबी पुरेसं आहे, फॉरमॅट मात्र कॅमेऱ्यातच करावं. स्वस्तातली जादा बॅटरी चार महिन्यांत फुगून खाचेत अडकली, तेव्हा तिथे काटकसर नको. बॅटरी बरेच दिवस ठेवायची तर निम्मी चार्ज करून ठेवते.

पावसात रात्री फ्लॅश मारला की फोटोभर पांढरे गोल येतात. मी ती बुरशीच समजले होते! फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असल्याने जवळचे थेंब उजळतात, एवढंच. फ्लॅश बंद केला की गोल गायब.

एक दुखणं राहिलंय. तारीख सांभाळणारा आतला छोटा सेल दमलाय, मुख्य बॅटरी काढली की दोन दिवसांत तारीख १ जानेवारी २००९ होते. भातलावणीचे सगळे फोटो त्याच तारखेने पडलेत. त्यांच्या खऱ्या तारखा मी वहीत लिहून ठेवल्या आहेत.