नमुना अस्सल, माल बनावट: सॅल्मनच्या फ्लायसाठी गळ मागवताना झालेली फसवणूक

फ्लाय म्हणजे गळावर तंतू-पिसं बांधून केलेलं मासे धरायचं नकली आमिष. ती बांधणारे आपल्याकडे मोजकेच, सामान जवळपास सगळं बाहेरून मागवावं लागतं आणि ग्रुपवर एकाने चांगलं म्हटलं की बाकीचे त्याच माणसाकडून घेतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय. ज्याने मला फसवलं तो आता दुसऱ्या नंबरवरून तोच माल विकतोय असं दोघांनी कळवलंय, तेव्हा गप्प बसणं मला पटत नाही.

मी कोल्हापूरचा. मावसभाऊ (मी त्याला दादा म्हणतो) कॅनडात व्हँकुव्हर बेटावर असतो, तो आणि त्याचे मित्र समुद्रकिनाऱ्यावरून कोहो सॅल्मन धरतात. नदीत चढायच्या आधी हा मासा समुद्रात हेरिंग, सँड लान्स असल्या बारक्या माशांवर तुटून पडतो, म्हणून त्याला त्या बारक्या माशासारखी दिसणारी फ्लाय लागते. दुकानातल्या फ्लायची अवस्था अशी की दोनचार मासे लागले की संपली, कारण कोहोचे दात दोऱ्यावर घासले की डोकं उसवतं, तंतू गळतात, डोळे निघून पडतात. दादा म्हणाला टिकाऊ काहीतरी बनवून दे, आणि मी आणि वहिनी दोघं लागलो कामाला.

क्लाउझर मिनो ही बॉब क्लाउझर यांची फ्लाय बांधणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते, तिचे जड डोळे गळाच्या दांडीवर बांधले की फ्लाय पाण्यात उलटी होते, गळाचं टोक वर राहतं आणि तळाच्या दगडात अडकत नाही. आम्ही तिथूनच सुरुवात केली. दांडीवर आधी दोऱ्याचा घट्ट थर, त्यावर सुपरग्लू, मग तंतू एकदम न बांधता थोडे थोडे, आणि प्रत्येक थराला ग्लूचा एक थेंब. बकटेलच्या (हरणाच्या शेपटीच्या केसांच्या) जागी सिंथेटिक तंतू घेतले कारण दातांनी केस तुटतो, हे तंतू नुसते मुडपतात आणि कोमट पाण्यात विंचरले की सरळ होतात. शेपटीखाली नायलॉनचा छोटा फास ठेवला म्हणजे फेकताना शेपटी गळाला गुंडाळत नाही. डोळे वरून चिकटवायचे नाहीत, यूव्ही टॉर्चखाली धरल्यावर घट्ट होणाऱ्या यूव्ही रेझिनमध्ये बुडवायचे, आणि रेझिन पातळ पातळ थरात द्यायचं, एकदम जाड दिलं तर आत ओलं राहतं. पांढरं पोट, हिरवट पाठ, मध्ये चमकीचे चारच धागे. तंतू कमी असले की पाणी लगेच निथळतं, फ्लाय हलकी फेकली जाते आणि जास्त जिवंत दिसते. हे जमायला लय वेळ गेला पण दादाने व्हिडिओ पाठवला तेव्हा वहिनीचा आनंद बघण्यासारखा होता.

पण हे सगळं ज्याच्या जिवावर उभं आहे तो गळ. खारं पाणी म्हणजे साधं लोखंड चालत नाही. त्यात ब्रिटिश कोलंबियात सॅल्मनसाठी टोकाजवळचा उलटा काटा नसलेलाच गळ वापरायचा असा नियम आहे, त्यामुळे काटा पक्कडीने दाबून बसवावा लागतो आणि ते सहन करणारी तार लागते.

ग्रुपवर एकजण स्वतःला मुंबईतला डीलर म्हणवायचा, नावाजलेल्या जपानी कंपनीचे स्टेनलेस गळ दुकानापेक्षा स्वस्त. आधी छोटं पाकीट मागवलं, ते शंभर टक्के अस्सल निघालं. काटा दाबून बघितला, मिठाच्या पाण्यात ठेवून बघितलं, दादाने त्यावर मासेही काढले. त्यानंतर त्याचाच फोन, नवीन लॉट येतोय, रेट वाढणार, मोठी ऑर्डर असेल तर आत्ताच पूर्ण पैसे टाका. गळ आणि रेझिन मिळून चोवीस हजार यूपीआयने पाठवले. माल वेळेवर आला, पाकीट तेच, छपाई तीच, बारकोडसुद्धा तोच. हीच त्याची पद्धत आहे हे लक्षात घ्या, नमुन्यात खरा माल द्यायचा आणि विश्वास बसला की मोठ्या ऑर्डरमध्ये बनावट भरायचा.

वहिनी काटे दाबत होत्या, एक गळ टक्कन वाकणावरच तुटला. पुढचा तुटला नाही, उलट नुसता वाकला आणि उघडाच राहिला. एकाच पाकिटात एक ठिसूळ, एक मऊ. उद्यमनगरात माझ्या मित्राचं हीट ट्रीटमेंटचं काम आहे, त्याने हातात घेऊनच सांगितलं की तार कडक केल्यावर पुन्हा बेताने तापवून चिवट करावी लागते, इथे ते धड केलेलंच नाही. मग त्याने कानशीने वरचा मुलामा घासून काढला आणि गळ मिठाच्या पाण्यात टाकला, सकाळी घासलेल्या जागी लाल गंज. लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका, गळाला वापरतात ते कडक स्टेनलेस बऱ्याचदा चुंबकाला चिकटतं, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. रेझिनही भेसळीचं, टॉर्चखाली कितीही धरा, चिकटच.

यात सगळ्यात वाईट हे की तोपर्यंत बांधलेल्या काही फ्लाय कॅनडाला पोचल्या होत्या. दादाच्या मित्राचा गळ मासा लागल्यावर तुटला आणि मासा तोंडात अर्धा गळ घेऊन गेला. पैशापेक्षा हे मला जास्त लागलं. ज्या माशाला सोडून द्यायचं म्हणून आपण काटा दाबतो त्याच्याच तोंडात भंगार राहावं, हे माफ करण्यासारखं नाही.

अजून एक. याच माणसाने मला जंगल कॉकची पिसं देऊ केली होती, जुन्या पद्धतीच्या सॅल्मन फ्लायला गालावर लावतात ती. ती पिसं राखी रानकोंबड्याची, म्हणजे आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातल्या पक्ष्याची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं मिळतात, पण इथे कुणी गुपचूप देत असेल तर कृपा करून हात लावू नका.

फोन केला तर आधी म्हणाला बदलून देतो, मग म्हणाला परतीचे अडीच हजार भरा, नंतर परत मिळतील. ते मी दिले नाहीत, त्याच दिवशी नंबर ब्लॉक. बिलावर पत्ता मुंबईचा पण जीएसटी नंबर 07 ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी साईटवर नंबर टाकला की व्यापाऱ्याचं नाव दिसतं, इथे कापडाचा धंदा करणारं भलतंच नाव आलं, आणि पैसे गेलेलं खातं तिसऱ्याच माणसाचं.

1930 वर फोन करून तक्रार नोंदवली आहे, सायबर क्राईमच्या पोर्टलवरही कागद चढवलेत. पैसे नुकतेच गेले असतील तर 1930 ला लगेच लावा, रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येण्याची शक्यता असते. ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा टाकता येतो, म्हणजे मुंबई-दिल्लीला पळायची गरज नाही, मी कोल्हापुरातच टाकतोय. तुमच्याकडेही असली पाकिटं आली असतील तर प्रत्येक पाकिटातला एकेक गळ घासून मिठाच्या पाण्यात टाकून बघा, आणि रिकामं पाकीट, कुरिअरची पावती, चॅट यातलं काहीही टाकून देऊ नका, तक्रारीला तेच लागतं.