नवव्या नंबरचा स्लॉट

आधी कबूल करतो, सुरुवातीची माती आम्हीच खाल्ली. स्पर्धेच्या नोंदणीच्या शेवटच्या तासात आमच्या सपोर्टने (टीममधला, बाकीच्यांना साथ देणारा खेळाडू) एका प्लेअर आयडीत एक आकडा चुकवला, फॉर्म परत आला आणि दुरुस्त करून पाठवेपर्यंत स्लॉट, म्हणजे टीमच्या जागा, संपले होते. पबजी मोबाईल या गेमच्या स्पर्धेत एका लॉबीत, म्हणजे एका मॅचमध्ये, १६ टीम, प्रत्येकी चौघे, म्हणजे ६४ जण. बाकी सगळे बाहेर. आम्ही वेटलिस्टवर, चौथ्या नंबरला.

त्याआधी कित्येक आठवडे रोज रात्री स्क्रिम्स, म्हणजे सरावाच्या मॅच, खेळत होतो. पहिल्या टीमला १० गुण, दुसरीला ६, तिसरीला ५ आणि प्रत्येक किलचा १, या हिशोबाने माझी अख्खी वही भरली होती. आयजीएल, म्हणजे मॅचमध्ये टीमला सूचना देणारा, मी, त्यामुळे झोप सगळ्यात जास्त माझी उडालेली. आणि अशा माणसाला गंडवायला फार अक्कल लागत नाही.

त्याच रात्री डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर मेसेज आला. "भावा, एक टीम ड्रॉप झालीये. स्लॉट ९ मोकळा आहे. घेणार का? दहा मिनिटांत सांग, मागे अजून दोघं आहेत." फोटो स्पर्धेच्या मॉडरेटरचा, म्हणजे स्पर्धेचं काम बघणाऱ्याचा. नावही तेच, नावापुढचा मुकुटसुद्धा तोच. आता कळतं ते असं: २०२३ पासून डिस्कॉर्डने नावामागचे चार अंक हळूहळू काढून टाकले आणि युजरनेम प्रत्येकाचं वेगळंच असतं. पण वर ठळक दिसतं ते डिस्प्ले नेम, आणि ते कोणीही काहीही ठेवू शकतं. प्रोफाइल उघडून खालचं बारीक युजरनेम वाचलं असतं तर एक अक्षर जास्तीचं दिसलं असतं. मी वाचलं नाही. खरं सांगायचं तर, मला वाचायचंच नव्हतं.

स्पर्धा फुकट होती. मग स्लॉटचे पैसे कसले? हा प्रश्न आमच्या स्नायपरने, म्हणजे टीममधल्या लांबून नेम धरणाऱ्या खेळाडूने, विचारला. उत्तर तयारच होतं: "फी नाही, डिपॉझिट आहे. टीम आली नाही तर लॉबी रिकामी जाते ना. मॅच झाली की परत." ऐकायला इतकं रास्त वाटलं की स्नायपरच म्हणाला, बरोबर आहे की. चौघांनी मिळून पैसे जमवले. दुसऱ्या दिवशी "रोस्टर व्हेरिफिकेशन"चे, म्हणजे खेळाडूंची यादी तपासण्याचे, आणखी मागितले, तेही दिले. एकदा दिल्यावर दुसऱ्यांदा नाही म्हणणं जड जातं, कारण नाही म्हटलं की पहिलेही बुडाले हे मान्य करावं लागतं. त्याने एक लिंकही पाठवली होती, गेमच्या खात्याने लॉगिन करा म्हणून. ती तेवढी स्नायपरने उघडू दिली नाही. नाहीतर खातीही गेली असती.

मग स्लॉट लिस्टचा फोटो आला. नवव्या ओळीत आमच्या टीमचं नाव! आम्ही तो फोटो स्टेटसला लावला. पुढे सगळं उलगडल्यावर ब्राइटनेस वाढवून तो फोटो झूम केला, तर आमच्या नावाच्या मागे फिकट राखाडी चौकोन होता. बाकीच्या पंधरा ओळींची पार्श्वभूमी सलग काळी आणि आमच्याच ओळीला ठिगळ. अक्षरंही किंचित जाड होती.

पण पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. फोटोबरोबर त्याने लिहिलं होतं, "वेटलिस्टमधून नाव काढून घ्या. एक प्लेअर आयडी दोन टीमांत दिसली की सिस्टिम दोन्हीकडून उडवते." एक खेळाडू दोन टीमकडून खेळू शकत नाही, हा नियम खराच असतो. त्याने त्याला थोडं पुढे ओढलं, एवढंच. आम्ही तर दोन नव्हे, एकाच टीमचे होतो. तरी मी स्वतःच्या हाताने फॉर्म मागे घेतला आणि वर त्याला स्क्रीनशॉट पाठवला, झालं म्हणून. त्याने अंगठा दाखवला. नाव काढायला लावलं नसतं, तर चेक-इनला, म्हणजे मॅचआधीच्या हजेरीला, आम्ही खऱ्या मॉडरेटरशी बोललो असतो आणि तिथेच त्याचं बिंग फुटलं असतं.

मॅचच्या आदल्या रात्री त्याने आयडीपी दिला, म्हणजे रूमचा आयडी आणि पासवर्ड. "तुम्हाला आधीच देतोय, कोणाला दाखवू नका." आम्ही हुरळलो. इतक्या स्क्रिम्स खेळलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं की कस्टम रूमचा आयडी रूम उघडल्यावरच तयार होतो. मॅचच्या थोडा वेळ आधी तो सगळ्या टीमना मिळतो. आदल्या रात्री तो आयोजकाकडेही नसतो.

दुसऱ्या दिवशी चौघे वेळेआधी बसलो. आयडी टाकला, रूम सापडेना. "होस्ट बदलतोय, थांबा." थांबलो. "सर्व्हर लोडवर आहे." थांबलो. मग मेसेज जाईनासा झाला. ब्लॉक. तोवर स्पर्धेच्या खऱ्या डिस्कॉर्ड सर्व्हरवर चेक-इन उघडून बंदही झालं होतं. मी तिथे धावत जाऊन विचारलं, तेव्हा खऱ्या मॉडरेटरने दोनच वाक्यं लिहिली: आम्ही स्लॉट विकत नाही, आणि आधी स्वतःहून कोणाला पर्सनल मेसेज करत नाही. हे नियमांच्या पानावर पहिल्यापासून होतं. आणि चेक-इनला पाच टीम आल्याच नव्हत्या. वेटलिस्टमधून पाच टीमना आत घेतलं. आमचा नंबर चार होता.

मॅच स्ट्रीमवर पाहिली. एरँगेल या गेममधल्या मॅपवर आम्ही नेहमी पोचिंकी गावात उतरायचो. तिथे वेटलिस्टमधून आलेलीच एक टीम उतरली आणि पहिल्या पाच मिनिटांत गेली. सपोर्ट म्हणाला, "आपण पण गेलो असतो." कोणी हसलं नाही.

चॅट, पैशांच्या पावत्या आणि तो फोटो मी तक्रारीला जोडले. पैसे अजून आलेले नाहीत. मध्ये एक जण "मी रिकव्हर करून देतो, थोडी फी लागेल" म्हणत आला होता. त्याला स्नायपरने उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परवा एका ओळखीच्या टीमच्या स्टेटसला स्लॉट लिस्ट दिसली. झूम केली. तेच पंधरा संघ, तीच काळी पार्श्वभूमी, नवव्या ओळीत ठिगळ आणि ठिगळावर त्यांचं नाव. लगेच फोन केला. पलीकडून पोरगा म्हणाला, "दादा, पण आम्ही डिपॉझिट भरलंय ना."

"वेटलिस्टमधून नाव काढलंत का?" मी विचारलं.

"आत्ताच काढलं."