खेळणाऱ्या मुलांचा गुडघा दुखत असेल तर इथे दाखवा

गोव्यात फोंड्यातल्या या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये मुलांना मुलांसारखं तपासतात. आजी-आजोबांच्या गुडघेदुखीचे उपाय त्यांच्या माथी मारत नाहीत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझी लेक बारा वर्षांची, फुटबॉल खेळते. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर टेंगूळ आलं होतं. नुसता हात लागला तरी कळवळायची. आधी दुसऱ्या एका ठिकाणी शेक आणि करंट देऊन ‘सहा महिने खेळ बंद’ असं सांगितलं होतं. त्या रात्री पोर जेवली नाही.

इथल्या मॅडमनी गुडघ्याला हात लावण्याआधी खुब्याचा सांधा तपासला, मांडी आत-बाहेर फिरवून पाहिली. या वयात खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं, म्हणून ते आधी बघायचं असतं म्हणाल्या. मग तिला पालथं झोपवून एकेक टाच मागे दुमडत नेली. डावी टाच कुल्ल्याला टेकली, उजवी वीतभर आधीच अडली. मांडीचा पुढचा स्नायू किती आखडलाय ते मला डोळ्यांनी दिसलं. एका पायावर अर्धं बसायला सांगितलं तर गुडघा आत कलत होता.

दुखण्याचं नाव ऑसगुड-श्लाटर. १९०३ साली बोस्टनच्या आणि झुरिकच्या दोन डॉक्टरांनी ते स्वतंत्रपणे नोंदवलं, त्यांचीच ही नावं. मांडीचा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या ज्या उंचवट्याला धरतो, तिथलं हाड या वयात अजून पक्कं झालेलं नसतं. उंची भराभर वाढते आणि धावण्या-उड्यांनी तिथे सारखी ओढ बसते. हाड पक्कं झालं की दुखणं सहसा आपोआप थांबतं, टेंगूळ मात्र राहू शकतं. हे मॅडमनी मला नाही, लेकीला समजावलं, आणि तिथेच तिची भीती गेली.

खेळ बंद केला नाही. दुखण्याला दहापैकी आकडा द्यायचा; तीनपर्यंत असेल तर खेळ, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर सराव कमी कर, हा नियम. उड्या आणि जोरदार किक काही आठवडे कमी, तसं कोच सरांना पत्रही दिलं. घरी भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं, कुशीवर झोपून पाय उचलायचा, खेळून आल्यावर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. स्नायूला ताण देण्याचे व्यायाम दुखणं उतरल्यावर सुरू केले. गणेश चवथीनंतर उपचार सुरू झाले, नाताळच्या सुट्टीत ती पूर्ण सामना खेळली.

पहिल्या तपासणीचे सहाशे, पुढे दर वेळी चारशे. रोज यायला लावत नाहीत, मशीनचं पॅकेज गळ्यात घालत नाहीत. आमच्यासमोरच एका मुलाचा गुडघा सुजलेला होता, मध्येच अडकायचा. त्याला व्यायाम न देता मॅडमनी थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पाठवलं. आपल्या हातचं काय नाही हे ओळखणाऱ्या माणसावर माझा जास्त विश्वास बसतो.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. क्लिनिक पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि गुडघा दुखणाऱ्याला जिनाच नको असतो. दुसरं म्हणजे व्यायामाचा कागद फक्त इंग्रजीत देतात. आमच्याकडे व्यायाम करून घेते ती आजी. शेवटी मीच तिला मराठीत लिहून दिला. कागद मराठी-कोंकणीत छापा, असं मॅडमना सांगून आले आहे.

संध्याकाळी गर्दी असते, फोन करून सकाळची वेळ घ्या. मुलांना हाफ पँटमध्ये न्या आणि खेळायचे बूट सोबत ठेवा, मॅडम तेही बघतात.