पाणथळ जागांचा नकाशा करायचाय : रामसर, कावर्डिन की एचजीएम?

नकाशाचं काम हातात आलं की सगळे आधी कुठली इमेजरी, म्हणजे सॅटेलाइटची चित्रं, घ्यायची यावर बोलतात, पण मला विचाराल तर आधी लेजंड ठरवा, म्हणजे पाणथळीचे प्रकार कुठल्या पद्धतीने पाडायचे ते. इमेजरी काय, पुढच्या वर्षी नवीन घेता येते, लेजंड मात्र एकदा डेटाबेसमध्ये बसला की वर्षानुवर्षं हलत नाही. मी या तिन्ही पद्धती वापरून बघितल्यात, त्यामुळे जे आत्ता ठरवतायत त्यांच्यासाठी लिहितोय. तुमची जागा आणि तुमचं काम वेगळं असू शकतं, तेवढं धरून वाचा.

रामसरचं, म्हणजे पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीचं, पटकन सांगतो. ४२ प्रकार, समुद्रकाठचे, जमिनीवरचे आणि माणसाने केलेले. अधिकृत रिपोर्ट द्यायचा असेल किंवा दुसऱ्या देशातल्या यादीशी जुळवायचं असेल तर हे कोड लागणारच, त्यात वाद नाही. व्याख्याही मोठ्या मनाची आहे, ओहोटीला ६ मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रसुद्धा त्यात धरतात, त्यामुळे प्रवाळ आणि समुद्री गवत सुटत नाही. पण एखाद्या साइटवर मुख्य अधिवास कोणते ते झटकन कळावं म्हणून केलेली ही यादी आहे, पॉलिगॉन, म्हणजे नकाशावर एकेकाची हद्द, ओढायला बसलं की अडतं. बारमाही गोड्या पाण्याचं तळं ८ हेक्टरच्या वर असेल तर 'ओ', त्याहून लहान डबकं असेल तर 'टीपी', आणि तळं नेमकं त्या रेघेवर असलं की कुठल्या महिन्यातली हद्द खरी मानायची यावरच टीममध्ये अर्धा दिवस जातो.

खरी निवड माझ्या मते उरलेल्या दोघांत आहे.

कावर्डिन पद्धत १९७९ ची, अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने काढलेली. सागरी, खाडीची, नदीची, सरोवराची आणि दलदलीची अशा पाच सिस्टिम, आणि त्याखाली झाडं, झुडपं, उभं गवत, उघडा तळ असे क्लास. वरून जे दिसतं त्यावरच बरेचसे क्लास पडतात, त्यामुळे रिमोट सेन्सिंगवाल्यांना ही फार सोयीची जाते. सेंटिनेल-२ सॅटेलाइटचं एका ठिपक्याला १० मीटर असं चित्र, वेगवेगळ्या महिन्यांच्या तारखा, थोडे फील्ड पॉइंट आणि रँडम फॉरेस्ट (नमुने बघून आपोआप क्लास पाडणारा प्रोग्रॅम), एवढ्यावर बघण्यासारखा नकाशा निघतो. शिवाय पाणी किती काळ राहतं याचं वेगळं अक्षर कोडमध्येच असतं, आणि ते मला आजही सगळ्यात मोलाचं वाटतं. मी सुरुवात हिच्यापासूनच केली आणि पहिल्या वर्षी अगदी खूश होतो.

अडचण आली दुसऱ्या वर्षी. पहिला नकाशा भरपूर पावसाच्या वर्षातला, दुसऱ्या वर्षी पाऊस ओढला आणि त्यात पाणकणसाचा मोठा पट्टा कुणीतरी कापून नेला. दोन नकाशे एकमेकांवर ठेवले तर जवळपास अर्ध्या दलदलीचा क्लास बदललेला, बदल दाखवणाऱ्या रंगात सगळं लाल. बैठकीत पहिलाच प्रश्न आला, एवढी पाणथळ गेली कुठे? ती कुठेही गेली नव्हती, तिथेच होती, फक्त तिच्या अंगावरचं गवत बदललं होतं, पण हे समजावण्यात तीन आठवडे गेले. ते चाललं असतं एक वेळ. मला जास्त लागलं ते हे की त्याच लाल रंगात एका कडेला खरोखर भराव पडला होता आणि खोट्या बदलांच्या गर्दीत तो मला फार उशिरा दिसला. तोवर तिथे पाणी यायची वाटच बंद झाली होती. पद्धतीला दोष देत नाही, जे दिसतं ते ती प्रामाणिकपणे सांगते, पण माझं काम दरवर्षी तुलना करायचं होतं आणि त्या कामात ती मला पुरली नाही.

म्हणून एचजीएमकडे (हायड्रोजिओमॉर्फिक, म्हणजे पाणी आणि जमिनीच्या आकारावरून प्रकार पाडणारी) वळलो. मार्क ब्रिन्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत, तीनच प्रश्न विचारते : जमिनीचा आकार कसा, पाणी येतं कुठून, आणि आल्यावर ते हलतं कसं. त्यावरून खोलगट भागातली, नदीकाठची, उतारावरची, सपाटीवरची, तलावकाठची, भरतीच्या पाण्याची असे प्रकार पडतात. गवत कापा, जळू दे, एक वर्ष पाऊस कमी होऊ दे, प्रकार तोच राहतो, आणि बदललाच तर समजायचं की खरंच काहीतरी मोठं घडलंय. शिवाय काय करायचं ते प्रकारातच थोडंफार लिहिलेलं असतं. उतारावरची पाणथळ बहुतेक भूजलावर जगते, मग तिच्यात खणत बसण्याऐवजी वरच्या अंगाला किती उपसा होतोय ते बघायचं, आणि नदीकाठची असेल तर तिला पूर लागतो, मध्ये बांध घातला की ती हळूहळू सुकणार.

त्रास आहेच, लपवत नाही. पाणी कुठून येतं हे सॅटेलाइटला दिसत नाही. फुकट मिळणाऱ्या, दर ३० मीटरला एक आकडा असलेल्या जमिनीच्या उंचीच्या डेटात काही मीटरची चूक सहज असते, त्यात हातभर खोलीचे खळगे हरवतात, आणि उतारावरचे झरे तर पायी फिरल्याशिवाय सापडतच नाहीत. ढगांच्या दिवसांत सेंटिनेल-१ सॅटेलाइटचं रडार कामाला येतं, पण दाट झाडीखालचं पाणी त्याच्या सी-बँडच्या आखूड लहरींना नीट कळत नाही, त्याला लांब लहरींचा एल-बँड लागतो. मला वाटतं फील्डचे दिवस दुप्पट धरलेले बरे, निदान माझे तरी तेवढे झाले.

मोठा प्रदेश, एकदाच करायचा नकाशा आणि हाताशी दोन-तीन महिने, असं असेल तर कावर्डिनच घ्या, मीही तेच करीन. पण त्याच जागांकडे दरवर्षी परत जायचं असेल तर एकदा एचजीएम करून बघा. माझ्या टेबलात आता पहिला कॉलम एचजीएमचा आहे, तो सहसा बदलत नाही. त्याच्या शेजारी रिपोर्टसाठी रामसरचा कोड. वनस्पती आणि पाण्याचा कालावधी कावर्डिनप्रमाणेच भरतो, फक्त प्रत्येक नोंदीपुढे इमेजची तारीख असते.