एडाससाठी दीड-दोन लाख जादा मोजावेत का? बेळगावच्या रस्त्यांवरचा हिशेब

गाडी तीच, मॉडेलं दोन. वरच्यात एडास (वेग, ब्रेक, स्टिअरिंगला हातभार लावणारी यंत्रणा) आहे, खालच्यात नाही, आणि मधला फरक शोरूमच्या कागदावर दीड-दोन लाखांचा. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात सध्या मधल्या आकाराची एसयूव्ही घ्यायला निघालेला माणूस हमखास याच जागी येऊन अडतो. मी खालचं मॉडेल घेतलं. निपाणीच्या आमच्या साडूंनी त्याच गाडीचं वरचं घेतलं. त्यांच्या गाडीला सनरूफ आहे, त्यामुळे लग्नाकार्याला आमच्या पोरांना तीच हवी असते, आणि साडूंना बाजारपेठेतल्या बोळातून न्यायला माझी बरी वाटते. अशा अदलाबदलीमुळे दोन्ही गाड्या हाताखालून भरपूर गेल्यात. मोजमाप करणारं यंत्र माझ्याकडे नाही. जे आहे ते चालवण्यातून आलेलं.

आपल्याकडे एडासला सर्रास ‘आपोआप चालणारी गाडी’ म्हणतात. ती तशी नाही. सामान्य गिऱ्हाइकाला इथे जे मिळतं ते फार तर लेव्हल 2: गाडी वेग आणि स्टिअरिंगला हातभार लावते, पण नजर तुमची, हात तुमचे, आणि धडकली तर केसही तुमच्यावरच. खरीखुरी विनाचालक गाडी भारतात येऊ देणार नाही, चालकांच्या नोकऱ्या जातील, असं नितीन गडकरी 2023 मध्ये जाहीरपणे बोलले होते. तेव्हा शोरूममधला पोरगा स्टिअरिंगवरचे हात काढून दाखवतो, ते बघायचं आणि सोडून द्यायचं.

सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे लावायचे, हा खरा टेस्लाचा खाक्या. 2025 च्या जुलैत मुंबईत बीकेसीला त्यांचं दुकान उघडलं, तेव्हा गाडीच्या किमतीवर ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’चे 6 लाख वेगळे सांगितले होते. अमेरिकेत याच सॉफ्टवेअरची एकरकमी किंमत 2022 मध्ये 15 हजार डॉलरपर्यंत चढली, पुढच्या वर्षी 12 हजारांवर आली आणि 2024 च्या एप्रिलात 8 हजारांवर. तेव्हा महिन्याला 99 डॉलर भरूनही ते मिळत होतं. म्हणजे 2022 च्या चढ्या भावात उत्साहाने ज्याने भरले, त्यालाच ते सगळ्यात महाग पडलं. त्यातही जुना संगणक असलेल्या गाड्यांना तो बदलून द्यावा लागेल, असं खुद्द इलॉन मस्क यांनी 2025 च्या जानेवारीत मान्य केलं. आणि एवढं करून त्या नावापुढे ‘सुपरव्हाइज्ड’ असा शब्द आहेच, म्हणजे लक्ष तुम्हीच ठेवा. पुढे मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे आज द्यायचे, हा व्यवहार मला उधारीच्या उलट वाटतो. पण टेस्लाचा एक मुद्दा मानायला हवा: तिथे कॅमेरे, संगणक गाडीत आधीच असतात, सॉफ्टवेअर मागाहून घेता येतं.

आपल्याकडे तसं नाही. एडास सुटं मिळत नाही, टॉप मॉडेलच्या गाठोड्यात बांधून येतं: सनरूफ, थंड हवेच्या सीटा, मोठा स्क्रीन, भारी स्पीकर आणि सोबत एडास. त्यामुळे दीड-दोन लाखांतले नेमके किती एडासचे, हे कंपनीलाच माहीत. आणि आज खालचं घेतलं तर उद्या खरं एडास बसवून मिळत नाही, कारण रडार, कॅमेरा, ब्रेकची जोडणी सगळं कारखान्यातूनच यावं लागतं. बाहेर मिळतात ती नुसती पीं-पीं करणारी खेळणी. म्हणून हा निर्णय एकदाच होतो, आणि इथेच सेल्समन तुम्हाला गाठतो.

एक खर्च शोरूमच्या गप्पांत उशिरा निघतो. कर्नाटकात 10 ते 20 लाखांच्या गाडीला 17 टक्के लाइफ टॅक्स, वर त्या टॅक्सवर 11 टक्के सेस. म्हणजे 2 लाखांच्या फरकावर साधारण 37-38 हजार सरकारचे. वरच्या मॉडेलमुळे किंमत 20 लाखांच्या पुढे गेली तर दर 18 टक्के, तोही सगळ्या किमतीवर. कोल्हापुरात पेट्रोल गाडीला 10 ते 20 लाखांत 12 टक्के आहे, हे इकडच्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं आणि एमएच 09 ची पाटी लावायचा मोहही होतो. पण राहणार बेळगावात, तर आज ना उद्या केए 22 चा टॅक्स भरावाच लागतो. तेव्हा फरक मोजताना ऑन रोडचा मोजा, शोरूमचा नको.

आता गुणांकडे. एडासमधलं मला मनापासून आवडलेलं एकच: पुढच्या गाडीचा वेग बघून स्वतः कमी-जास्त होणारं क्रूझ. हिरेबागेवाडीचा टोल ओलांडला की कित्तूर, धारवाडपर्यंत ते असं काम करतं की उजव्या पायाला सुट्टी. साडूंना कामानिमित्त हुबळीला सारखं जावं लागतं आणि ते म्हणतात, संध्याकाळी परत आल्यावर आता पाय दुखत नाही. मला ते खरं वाटतं. मात्र पुण्याच्या दिशेला तेच क्रूझ वैतागतं. पुढच्या गाडीपासून ते नियमाने अंतर सोडतं आणि त्या अंतरात कोणीतरी घुसतंच. मग ब्रेक, मग पुन्हा अंतर, मग पुन्हा कोणीतरी. सगळ्यात उजवीकडच्या लेनला चिकटून रमत-गमत चाललेला ट्रक आपल्याकडे काही दुर्मिळ नाही, त्याच्यामागे ही गाडी गुमान चाळीसने चालत राहते. डावीकडून काढायचं शहाणपण (किंवा अडाणीपण) तुमचंच.

माझा निर्णय मात्र क्रूझवर झाला नाही. तो झाला लेन-असिस्टवर, म्हणजे गाडी लेनच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवण्यासाठी स्टिअरिंग ओढणाऱ्या प्रकारावर.

गळीत हंगामात, नोव्हेंबरपासून पुढे, कोगनोळी नाका ते संकेश्वर हा रस्ता ज्याने रात्री केलाय त्याला पुढचं सांगायला नको. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिकोडीचा दूधगंगा, सगळ्या साखर कारखान्यांचा ऊस त्याच काळात रस्त्यावर. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागचा दिवा असला तर उसाच्या वाढ्यात झाकलेला, आणि दोन्ही बाजूंनी हातभर ऊस बाहेर लोंबतोय. अशा ट्रॉलीशेजारून जाताना आपण काय करतो? लेन बदलत नाही, आपल्याच लेनमध्ये हातभर उजवीकडे सरकतो, चाक जरा पट्ट्यावर चढलं तरी चालतं, आणि पुढे जाऊन परत येतो. एवढ्यासाठी इंडिकेटर कोणी देत नाही. साडूंच्या गाडीला मात्र नेमकं हेच खपत नाही. इंडिकेटर नाही आणि चाक पट्ट्याला लागलं, म्हणजे चालकाला डुलकी लागली, अशी तिची समजूत. ती स्टिअरिंग डावीकडे ओढते. ट्रॉलीच्या बाजूला.

ओढ फार नसते, दोन बोटांनी मोडता येते. धोका झाला असं मी म्हणणार नाही. पण ऐन क्षणी हातातलं स्टिअरिंग आपल्या विरुद्ध वळतंय, हे कळतं तेव्हा पोटात जो गोळा येतो, तो पैसे देऊन विकत का घ्यायचा? ट्रॉलीतून सांडलेला ऊस चुकवताना तेच, खड्डा चुकवताना तेच. जिथे रुंदीकरणाचं काम चाललंय तिथे जुने पट्टे अर्धवट खरवडलेले आणि नवे भलतीकडे. पावसात डांबराचा चकाकणारा जोडही तिला पट्टा वाटतो. सीमाभागात राहून रेघेवरून ओढाताण आपल्याला नवी नाही, पण निदान गाडीत तरी नको.

बंद करता येतं की, म्हणाल. येतं. स्टिअरिंगवरचं बटण जरा दाबून धरलं की बंद होतं. पण गाडी बंद करून पुन्हा चालू केली की हजर! निपाणीतून निघताना दाबा, संकेश्वरला चहाला थांबून निघताना दाबा, बेळगावात पेट्रोल भरून निघताना दाबा. ‘‘बटण दाबायचं की ओ, त्यात काय एवढं,’’ साडू म्हणतात, आणि त्यांचा अंगठा आता सीटबेल्टच्या आधी तिकडे जातो. माझा जाईना. आपण एकदा नाही म्हटलेली गोष्ट गाडीने लक्षात ठेवू नये, हीच मला सगळ्यात मोठी खोट वाटली. सगळ्या कंपन्यांचं असं नाही, काहींच्या गाड्या तुमची सेटिंग जपतात. तेव्हा ही तक्रार एडासची कमी आणि त्या गाडीची जास्त, हेही खरं.

ब्रेकचं बोलायला हवं, कारण घरचे विचारतात ते त्याबद्दलच. आपोआप लागणारा ब्रेक हा सगळ्या गाठोड्यातला सर्वांत किमती भाग, यात वाद नाही. पुढचा टिप्पर अचानक थांबला आणि साडूंच्या आधी त्यांच्या गाडीने ब्रेक लावला, असं एकदा झालंय. त्या दिवसापासून आमच्या मेहुणीबाई एडासविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाहीत. त्यांच्यापुढे मीही बोलत नाही.

फक्त एक ध्यानात असू द्या. रडारला हलणारी वस्तू ओळखणं सोपं जातं. थांबलेली वस्तू, कमान, पाटी, कठडा हे सगळं त्याला एकसारखं दिसतं, म्हणून ऐन वेगात थांबलेल्या वाहनाबाबत ते कच्चं पडू शकतं. गाडीसोबतच्या पुस्तिकेत हे बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. आणि आपल्याकडे रात्री ज्याची भीती, तो अंधारात पंक्चर होऊन उभा असलेला बिनदिव्याचा ट्रेलर किंवा ट्रॉलीच. तिथे एडास वाचवेलच या भरवशावर मी राहणार नाही. गावात उलटा त्रास: राणी चन्नम्मा सर्कलला डावीकडून स्कूटर आडवी घुसली की गाडी दणकन थांबते आणि मागचा रिक्षावाला आपल्या कुळाचा उद्धार करतो. इशारा उशिरा द्यायची सेटिंग असते, ती करून घ्यावी.

घाटांचं थोडक्यात. चोर्ल्याला किंवा आंबोलीला धुकं दाटलं की कॅमेऱ्याला दिसत नाही आणि यंत्रणा बंद असल्याचा निरोप येतो. खानापूरकडची तांबडी राड बंपरवरच्या रडारवर बसली तरी तेच. म्हणजे जेव्हा आधार हवासा वाटतो तेव्हाच तो सुट्टीवर. पुढची काच खडीच्या टिप्परने तडकली तर नुसती काच बदलून भागत नाही, कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि ते गल्लीतल्या काचवाल्याचं काम नव्हे.

मग घ्यावं कोणी? महिन्यातून बऱ्याचदा बेंगळुरू किंवा पुणे एकट्याने, त्यातही रात्री करणाऱ्याने वरच्या मॉडेलचा विचार जरूर करावा. क्रूझ आणि ब्रेक, या दोनच गोष्टींसाठी. ज्यांना सनरूफ, गार सीटा तशाही हव्यातच, त्यांना एडास जवळपास फुकटच पडतं, त्यांनी इतकं वाचलंच कशाला! बाकी टिळकवाडी ते शहापूर, रविवारी जांबोटी, मे महिन्यात गोवा, वर्षाकाठी एखादं पुणे, एवढंच ज्याचं फिरणं आहे त्याला, माझ्या मते, खालचं मॉडेल पुरतं. सहा एअरबॅग आणि ईएससी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) बऱ्याच गाड्यांत खालीही मिळतं. भारत एनकॅप या धडक-चाचणीचे पाच तारे एडासशिवायच्या मॉडेलांनाही मिळालेत. मी उरलेल्या पैशांतून चांगले टायर आणि पुढे-मागे डॅशकॅम घेतला, आणि बाकीचे हप्त्यातून कमी झाले.

थांबायची तयारी असेल तर आणखी एक. 2021 च्या सुमारास एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्राची एक्सयूव्ही 700 आली तेव्हा लेव्हल 2 ही मोठ्यांची चैन होती. 2024 च्या शेवटी होंडाने नुसत्या कॅमेऱ्यावरचं एडास अमेझमध्ये 10 लाखांच्या आतल्या शोरूम किमतीत दिलं. हे असंच खाली झिरपत राहणार. दोन-चार वर्षांनी गाडी बदलणार असाल, तर आज त्याच्यासाठी ताणून टॉप मॉडेल घ्यायची घाई मला दिसत नाही.

तरी मन वरच्याकडेच ओढत असेल तर टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या चकरेवर उरकू नका. गाडी हायवेला काढा, लेन-असिस्ट चालू ठेवून एखाद्या ट्रॅक्टरशेजारून इंडिकेटर न देता जरा सरका आणि हाताला काय लागतं ते बघा. मग ते बंद करा, बाजूला घेऊन इंजिन बंद करा, पुन्हा चालू करा. बंदच राहिलं असेल तर माझी निम्मी तक्रार रद्द समजा आणि खुशाल बुकिंगची पावती फाडा.